दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, माणिकप्पा गुरुपादप्पा नागराळे, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार लातूर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. नशापाणी मी जन्मात केलेले नाही. डॉक्टरांनी परवाच तपासून डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. दाखला खरा आहे, पण गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून माझा स्वतःचाच माझ्या डोक्यावर भरवसा राहिलेला नाही, हेही इथे लिहून ठेवतो. वकीलसाहेब म्हणाले, असले वाक्य मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणालो, बसवा.

कलम १. सन २००९ मध्ये केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. विशेषकरून त्यातले कलम नऊ. त्यात मी असे लिहिले होते की, "ईश्वरप्पा चंद्रप्पा मळगे यांनी माझ्या मातीला येऊ नये, आल्यास फाटकातूनच परत पाठवावे." तो कागद काल पुन्हा वाचला आणि माझी मलाच शिसारी आली. कारण पुढे येईल.

कलम २. राहते घर माझ्या पश्चात पत्नी कमलम्मा हिच्याकडे तहहयात राहील आणि तिच्यानंतर धर्माबादला दिलेली आमची एकुलती मुलगी दानम्मा हिच्याकडे जाईल. बँकेत जे आहे ते कमलम्माचे. दानम्माने आईला धर्माबादला नेण्याचा हट्ट करू नये. कमलम्माला तिकडचे जेवण तिखट लागते आणि ती तोंडाने सांगत नाही. पाण्याचे दोन निळे ड्रम घरातच ठेवावेत. हा दुष्काळ जाईल, पुढचा येईल.

कलम ३. गंजगोलाईजवळचे माझे दुकान, त्यातले टेबल, डोळ्याला लावायचे भिंग, चिमटे, पेचकस आणि सुट्या भागांचे बहात्तर डबे मी चांगुणा हिला देत आहे. ती अठरा वर्षांपूर्वी दुकान झाडायला आली. पहिल्या वर्षी पट्टे बदलायला शिकली, तिसऱ्या वर्षी माझ्या चुका काढायला लागली. समोरचे किशनराव घड्याळवाले हे डबे मागायला येतील. त्यांना एक स्क्रूसुद्धा देऊ नये. माणूस चांगल्या घड्याळातली जुनी मशीन काढून हलकी घालतो आणि गिऱ्हाइकाला "सर्व्हिसिंग केली" म्हणून सांगतो. हा राग खरा आहे, तपासलेला आहे, तो मी तसाच ठेवून जात आहे.

कलम ४. आता जो राग खोटा निघाला त्याविषयी.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास आम्ही इथले शंभरेक कानसेन मिळून एक श्रोते मंडळ चालवत होतो. मी चिटणीस. ईश्वरप्पा, करडईच्या तेलाचा घाणा असलेला, माझा लहानपणापासूनचा दोस्त, मंडळाचा सगळ्यात मोठा आवाज. नांदेडला कोणी सारंगी वाजवणार म्हटले की हा एसटीत उभ्याने जायचा आणि तिथे पहिल्याच आलापाला असा "हाय हाय" करायचा की वाजवणारा हसून त्याच्याकडे वळून बसायचा. मला लाज वाटायची. थोडे जळायचोही, कारण माझ्याकडे कोणी वळून बसत नसे.

त्यातच बातमी आली की ऑस्ट्रियाचे चार वादक हैदराबादहून पुण्याला मोटारीने निघालेत आणि वाटेत एक संध्याकाळ आपल्याला देतील. दोन व्हायोलिन, एक त्याहून थोडे मोठे, आणि एक गुडघ्यात धरून वाजवायचे, माणसाएवढे. चौघे मिळून एकच चीज वाजवतात, तबला नाही, तंबोरा नाही. आमच्यातल्या कोणीही असले काही समोर बसून ऐकलेले नव्हते. मी हैदराबादहून एक पुस्तिका मागवली. तीत लिहिले होते की हे संगीत चालू असताना श्रोते हूं की चूं करत नाहीत, दोन भागांच्या मधेसुद्धा टाळी वाजवत नाहीत, सगळे संपल्यावरच वाजवतात.

झाले. नव्या जिल्ह्याची अब्रू माझ्या एकट्याच्या खांद्यावर येऊन बसली. मी नियमांचा कागद छापून घरोघर वाटला. "वाहवा करू नये. मान डोलवायची ती बेताने. खोकला असणाऱ्याने मागे बसावे." आठ दिवस रोज संध्याकाळी मंडळींना बसवून गप्प राहण्याची तालीम घेतली. ईश्वरप्पा म्हणाला, "माणक्या, ऐकायचं पण कळू द्यायचं न्हाई, ही कुठली रीत रे? वाजवणाऱ्याला काय कळावं, समोर माणसं हायत का पोती?" मी त्याला मुद्दाम माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत बसवले, लक्ष ठेवता यावे म्हणून.

दि. १२ फेब्रुवारी १९८३, शनिवार. गंजातल्या एका अडतीचे रिकामे गोदाम झाडून घेतले होते. कचेरीतले नवे साहेब आले होते. कोपऱ्यात माझा मेहुणा बसवराज, चाकूरचा शाळामास्तर, आपले टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. पहिले दोन भाग झाले. शंभर माणसांत एक चप्पल वाजली नाही. मला धन्य वाटत होते.

तिसरा भाग संथ होता. आधी ते मोठे वाद्य एकटेच खालच्या सुरात बोलले. मग बाकीचे तिघे एकेक करून त्याच्याजवळ आले, गमीच्या घरी माणसे न बोलता येऊन बसतात तसे. मग सगळे थांबले आणि एकच व्हायोलिन वर वर जात राहिले, इतके बारीक की आता तुटते असे वाटले, आणि नेमक्या त्या जागी मोठ्या वाद्याने खालून हात दिला. त्या क्षणी पहिल्या रांगेतून मोठ्याने आवाज आला, "अय्यो शिवने."

आमच्या घरांची मूळ बोली कानडी, उदगीरकडची; तीत हे म्हणजे 'अरे शिवा'. पहिल्या रांगेत कानडी दोघेच होतो, मी आणि ईश्वरप्पा. चौघांचे गज जागीच थांबले. मागे कोणी तरी खुदकन हसले, मग सगळे गोदाम हसले. माझ्या डोळ्यांपुढे लाल झाले. मी उठून उभा राहिलो आणि ज्याला जन्मभर अरे-तुरे केले त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "ईश्वरप्पा, बाहेर व्हा."

तो माझ्याकडे तोंड उघडे टाकून बघत राहिला. मी समजलो, चोरी पकडली गेली. मग त्याने टोपी उचलली, चपला हातात घेतल्या आणि गेला. वादकांनी तो भाग पहिल्यापासून वाजवला. मोठ्या वाद्यावरचा म्हातारा सबंध वेळ माझ्याकडेच बघत होता आणि शेवटी त्याने छातीवर हात ठेवून मला मान झुकवली. मी समजलो, शिस्तीबद्दल. हा किस्सा मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेहतीस वर्षे सांगितला आहे.

कमलम्माही मागे बायकांत बसली होती. घरी येताना ती म्हणाली, "मला तर तुमचाच आवाज वाटला." मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या सभेत मी ठराव मांडून ईश्वरप्पाला मंडळातून काढले आणि बसवराजला ताकीद दिली की ती टेप बाटलेली आहे, कोणी ऐकायची नाही. त्या दिवसापासून ईश्वरप्पाने कुठल्याही मैफलीत पाय ठेवला नाही. नांदेडला नाही, लातुरात नाही. मला वाटायचे, शरम वाटत असेल.

कलम ५. गेल्या आठवड्यात मंगळवारी, दि. ३ मे रोजी, बसवराज चाकूरहून आला. घर आवरताना बिस्किटाच्या डब्यात ती टेप सापडली म्हणाला, सोबत त्याचे जुने टेपरेकॉर्डर. मी म्हणालो, लाव. सगळ्यांना ऐकू दे, त्या माणसाने नव्या जिल्ह्याचे काय केले ते. कमलम्मा होती, चांगुणा दुकानाच्या किल्ल्या द्यायला आलेली होती, तिलाही बसवले. तो भाग जवळ आला तसा मी बोट वर करून तयार राहिलो.

"अय्यो शिवने."

आणि चार श्वासांनी, त्याच गळ्यातून, "ईश्वरप्पा, बाहेर व्हा."

मी म्हणालो, पुन्हा लाव. बसवराजने चार वेळा लावली. पाचव्यांदा त्याने मान खाली घातली. चांगुणाला आतली गोष्ट काहीच माहीत नव्हती. ती म्हणाली, "आप्पा, दोन्ही बी आवाज तुमचाच हाय की."

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा फळीवरची सगळी घड्याळे खाली आली होती. तेव्हासुद्धा मी उठून बाहेर पळालो होतो. या वेळी मला उठता आले नाही. तो आवाज माझा होता, आणि त्यातला हेल माझ्या आईचा होता. मी दुरुस्त केलेले पहिले घड्याळ तिच्या कानाला लावले तेव्हा ती असेच म्हणाली होती, "अय्यो शिवने." ती गेल्यापासून ते शब्द मी तोंडातून काढले नाहीत असे मी शपथेवर सांगितले असते. कोर्टात सांगितले असते. मला आजही आठवत नाही. मी इतका आत गेलो होतो की माझे तोंड उघडले हे मला कळले नाही, आणि बाहेर आलो तो शेजाऱ्याची मान धरायलाच. तो म्हातारा वादक माझ्या समोर बसला होता. कोणाचे तोंड उघडले ते त्याने पाहिले होते. तो मान झुकवत होता ती त्या हाकेला.

कमलम्मा म्हणाली, "मी तवाच म्हणलं होतं." मग म्हणाली, आणखी एक सांगते, आजच सगळं ऐकून घ्या. रेल्वेने पाणी यायला लागायच्या आधीपासून, दोन महिने, आमच्या ड्रममधले पाणी टँकरचे नाही. ईश्वरप्पाच्या बोअरला पाणी आहे आणि त्याने भिंतीबाहेर पाइप काढून दोन गल्ल्यांना दिले आहे. ती पहाटेच जाऊन घागरी आणत होती. मी त्याच पाण्याने आंघोळ करून, विभूती लावून, त्याच्याविरुद्धचे कलम नऊ कपाटात जपून बसलो होतो.

कलम ६. मंडळाच्या कागदांत ईश्वरप्पाला काढल्याचा जो ठराव आहे तो खोटा आहे, असे मी त्या वेळचा चिटणीस म्हणून लिहून देतो. मंडळातले जे नऊजण अजून हयात आहेत त्यांना बसवराजने हे कलम वाचून दाखवावे. बैठकीत, मोठ्याने, चहाच्या आधी. मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचे कामही मी बसवराजकडेच देत आहे.

कलम ७. ती टेप घराची समजावी आणि घरातच ठेवावी. माझ्या मातीच्या दिवशी, न्यायच्या आधी, अंगणात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लावावी. माझी हाक कापू नये. कोणाला कुठे दाद द्यावीशी वाटली तर द्यावी, गप्प बसा असे कोणी कोणाला म्हणू नये. खोकला असणाऱ्यानेही पुढे बसावे.

कलम ८. ईश्वरप्पाला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. हे वाचून लोक मला अजून दगड म्हणतील, म्हणून कारण लिहितो. माझ्या मनात त्याला माझे चांदीचे खिशातले घड्याळ द्यायचे होते, तसे कलम लिहूनही झाले होते. पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोणी बोट दाखवेल. मी सबंध रात्र विचार केला. घड्याळ काय, तो विकतही घेईल. मला त्याची सही पाहिजे आहे. म्हणून ते कलम मी फाडून टाकले. घड्याळ दानम्माला.

दोन साक्षीदारांशिवाय हा कागद चालत नाही. पहिला आहे. दुसऱ्याची जागा मी रिकामी ठेवली आहे. वकीलसाहेब म्हणतात, शेजारचा कोणीही बोलवा, पाच मिनिटांचे काम आहे. मी बोलावणार नाही. ईश्वरप्पा आला नाही तर हा कागद रद्दी होईल आणि ते जुने कलम नऊ माझ्या मागे जिवंत राहील, आणि ते मला शोभेल. चांगुणाचे तेवढे मी उद्या वेगळ्या कागदाने करून देईन, तिचा यात काही दोष नाही.

कमलम्मा सकाळी दहा वाजता घागर घेऊन गेली आहे. आज उघड्यावर, दिवसाढवळ्या. निघताना तिने विचारले, काय सांगू? मी म्हणालो, माणक्याने बोलावले आहे म्हण. साक्षीला बोलावले आहे म्हण. आणि माणक्याच म्हण. अकरा वाजत आले. मला फाटकाकडे बघवत नाही म्हणून मी लिहीत बसलो आहे. ईश्वरप्पा, तू तेव्हा तिथल्या तिथे का बोलला नाहीस रे. एका शब्दाचे काम होते.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. अक्षर माझेच आहे.

लातूर, दि. ११ मे २०१६
(सही) माणिकप्पा गुरुपादप्पा नागराळे

साक्षीदार १ : श्रीमंत माधवराव कदम, निवृत्त पोस्टमास्तर. लिहून देणाऱ्याने माझ्या समक्ष सही केली. मी पावणेदहापासून इथेच बसून आहे. बारा वाजून दहा मिनिटांनी दुसरे साक्षीदार आले, तेव्हा सही झाली.

साक्षीदार २ : ईश्वरप्पा चंद्रप्पा मळगे, तेलघाणा. माणक्याने माझ्या समोर सही केली. तो आज पूर्ण शुद्धीवर आहे. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी नव्हता. तेव्हा त्याने माझे मनगट घट्ट धरले होते आणि ते त्याला ठाऊक नव्हते, बाहेर व्हा म्हणतानासुद्धा सोडले नव्हते. म्हणून मी बोललो नाही. सगळे कागद वाचून सही केली. कलम सातमधली टेप मी अजून ऐकलेली नाही, त्याच्या मातीपर्यंत थांबणार नाही. आत्ताच लावायला सांगितली आहे.