भिंतीकडेची जागा

महाड, मार्गशीर्ष वद्य पंचमी, संध्याकाळ.

परवा ह्यांच्याबरोबर रंगूनला निघायचं आहे. ट्रंक भरून झाली, तरी जीव थाऱ्यावर नाही.

तिथल्या छापखान्यातून हे तीन वर्षांनी घरी आलेत. माजघर एवढं ऐसपैस, आणि निजतात मात्र भिंतीला चिकटून, पाय पोटाशी घेऊन. सासूबाईंनी दोनदा अंथरूण मध्ये ओढलं. हे पुन्हा भिंतीकडे.

रंगूनात सरपणच काय, केळीचं पानसुद्धा विकत घ्यावं लागतं, असं हेच सांगतात. भाड्याचं विचारलं की म्हणतात, "स्वतंत्र खोली आहे आपली. तू काळजी करू नकोस." मग पाटा-वरवंटा घेऊ नको, जागा नाही, असं का म्हणाले?

आज दुपारी ह्यांना गाढ झोप लागली होती. चहासाठी उठवायला मी खांद्याला हात लावला. डोळे न उघडताच धडपडून उठले, अंथरूण भराभर गुंडाळलं आणि जागा मोकळी करून मला म्हणाले, "या, निजा तुम्ही. माझी वेळ संपली."

मग पुरते जागे झाले आणि हसले. म्हणाले, "काहीतरी स्वप्न पडलं."

मी चहा पुढे केला. पण त्या खोलीत माझी निजायची वेळ कोणती असेल?