पाय धुण्याचं पाणी

५ मार्च १९७३, सोमवार
आजपासून प्रशिक्षण. विषय: पवित्र शास्त्राची जीवनदृष्टी आणि उद्देशपूर्ण जीवन. गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांचे नऊ पंच आले. ज्या चर्चला पाळक नाही तिथं हेच उपासना चालवतात. यांचे मी ख्रिस्ती पुढारी करणार. ईस्टरच्या सुमारास मिशनच्या समितीचे सेक्रेटरीसाहेब पाहणीला येतील. पसंत पडलं तर केंद्र कायम आणि मी प्रिन्सिपॉल.
रोज पहाटे चारला उठून प्रार्थना करायचा निश्चय.

६ मार्च
सातला उठलो. काल व्याख्यान लांबलं होतं.

१२ मार्च
पाच उरले. बाकीचे दुष्काळी कामावर, खडी फोडायला. उरलेलेही दुपारनंतर तिकडेच जातात. बजावलं, पुढारी आपली जागा सोडत नाही. आसाराम पंच म्हणाला, जागा कुठं सोडली सर, नुसती हातोडी धरलीय. सगळे हसले. थट्टा हे पुढाऱ्याचं लक्षण नव्हे. उद्या यावर बोलेन.

२० मार्च
प्रत्येकाला जीवनाचा उद्देश एका वाक्यात विचारला. आसाराम म्हणाला, पाऊस पडंस्तवर लेकरं जगवायची. मी म्हटलं, ही गरज झाली, उद्देश नव्हे. मग तुमचा काय हाय सर? सविस्तर सांगितला. दोघं झोपले. उपाशी माणसाची एकाग्रता कमी असते.

२ एप्रिल
विहिरीत गाळ. आता एक दिवसाआड मिशनचा टँकर. केशर म्हणाली, वर्ग आवरा आणि रांगेला या, मला एकटीला दोन हंडे झेपत नाहीत. देवानं मला केलेलं पाचारण वेगळं आहे, असं तिला समजावलं. ऐकून घेतलं आणि हंडे घेऊन गेली. बायको समजूतदार मिळाली.

१० एप्रिल
साहेब एकोणीसला येणार. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, आदली संध्याकाळ! प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे मी पंचांचे धुईन. साहेबांनी हे पाहिलं की निकाल लागलाच. केशरनं विचारलं, पाणी कुठलं? बायकांना मोठ्या गोष्टीतलं बारीकच दिसतं.

१८ एप्रिल
टँकरवाल्याला प्रभूचं काम आहे म्हणून सांगितलं. रांगेच्या पुढं जाऊन दोन हंडे भरले. आसारामची बायको झुंबरबाई ओरडली, देवाला लई तहान लागली का वं सर? मी स्मित केलं. पुढाऱ्याला हे सोसावंच लागतं.

१९ एप्रिल, संध्याकाळ
साहेब वेळेवर आले. पंच खडीवरून थेट. टाचा फुटलेल्या. दृश्य उत्तम होतं. गुडघे टेकले, आसारामचा पाय घमेल्यात घेतला. त्यानं ओढला. म्हणाला, पायावर नगा घालू सर, घरी सकाळधरनं पान्यावाचून चूल न्हाई. मी म्हटलं, हा दृष्टान्त आहे. पुन्हा धरला. थोडी झटापट झाली. तेवढ्यात झुंबरबाई आत आली. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर घेतला आणि गेली. पाचही पंच तिच्यामागं.
साहेबांनी प्यायला पाणी मागितलं. घरात नव्हतं.

२० एप्रिल
साहेबांचा निर्णय: केंद्र बंद. पावसाळ्यानंतर बघू. तोवर मी टँकरवर देखरेख करायची. देखरेख म्हणजे नेतृत्वच. प्रत्यक्ष कार्यक्षेत्र मिळालं. रांगेला शिस्त लावायची.

२४ एप्रिल
टँकर आला. शिस्तीबद्दल चार शब्द बोलायला पुढं झालो. झुंबरबाई म्हणाली, हंडा आनलाय का सर? नव्हता. मग व्हा बाजूला, पान्याची धार आडतीय.
रांग सरळच होती. केशर अगदी शेवटी. तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तिनं एक हंडा माझ्या हातात दिला. मी देखरेखीला आहे, पाणी मिळेलच, म्हणून आज तिनं लवकर येऊन नंबर लावला नव्हता.
आमच्याआधी टँकर संपला.
नंबर पहाटे चारला लागतो. मला माहीत नव्हतं.