डावं पातं, उजवं पातं

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो उभ्यानेच घातलाय, गोड मानून घे.) इकडे सगळं ठीक. तिकडची खुशाली वहिनीच्या फोनवरून कळली, आणि कळली म्हणूनच रागारागाने हे पत्र लिहायला बसले आहे. तुझा हात अजून थरथरतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, डॉक्टर म्हणतात वाढणार नाही पण जाणारही नाही, हे सगळं समजलं. म्हणून तू मैदानावर जाणं सोडलंस आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसतोस, हेही समजलं. पण आयुष्यभर जीव लावलेलं ते रिमोटचं हेलिकॉप्टर पाती काढून, दांड्या सैल करून खोक्यात कोंबायचं, माझ्याकडे पाठवायचं आणि वर चिठ्ठी, की आता माझ्याच्यानं होणार नाही, तुझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेव, शोभून दिसेल? अरे, माझं शिवणकामाचं दुकान आहे. त्या कपाटात लोकांचे कोट असतात. शोभेच्या वस्तूंना माझ्याकडे जागा नाही, माणसं असोत की यंत्रं.

तेव्हा मी ठरवलं, हे उडणार. तुझ्या नाकावर टिच्चून उडणार. ह्यांना सांगितलं, की आज मी पिच बसवतेय, तर हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, बसव, पण पाऊस आला तर झाकायला ताडपत्री लागेल. (या माणसाला जगात एकच पिच माहीत आहे, आणि त्यावरही हा कधी खेळलेला नाही.) मग मी समजावलं, की पिच म्हणजे पात्याचा कल. पातं सपाट असलं की नुसतं गरगर फिरतं, पुढची कड जरा वर उचलली की हवा खाली ढकलतं आणि हेलिकॉप्टर वर जातं. हे ‘हं’ म्हणाले. त्यांचं ‘हं’ तुला माहीतच आहे.

तुझ्या खोक्यात नवशिक्यांसाठी एक पुस्तिका होती, कोन मोजायचं ते चिमुकलं साधन होतं. पुस्तिकेत पहिलंच बजावलं होतं, की कोन लावताना मोटरच्या तारा काढून ठेवा. काढल्या. बोटं प्यारी आहेत मला, पोट त्यांच्यावरच चालतं. मग पात्यांखालची मधली थाळी सपाट करा, रिमोटची दांडी मधोमध ठेवा, पात्याजवळच्या बारीक दांड्या फिरवून लांब-आखूड करा, म्हणजे कल कमी-जास्त होतो. यात मेलं अवघड ते काय? पाव सुताने कॉलर बसवणारी बाई मी! आणि मग ते वाक्य आलं: ‘दोन्ही पाती सारखी असावीत.’

आता सारखी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. जन्मभर मी बाह्या सारख्याच कापत आले. पण सारख्या म्हणजे एक डावी आणि एक उजवी! दोन्ही डाव्या कापल्या तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल. म्हणून मी हेलिकॉप्टरचं तोंड समोर केलं, एक पातं डावीकडे, एक उजवीकडे धरलं, दोन्हीची जाड कड तोंडाच्या बाजूला आणली आणि दोन्हींना पुढून सारखाच उठाव दिला. दुसरं पातं ऐकेना, त्याची दांडी फिरवता फिरवता नाकी नऊ आले, पण मी कुणाला सोडते होय? समोरून बघितलं तर अशी सुबक जोडी, की वाटलं आता बटणं तेवढी लावायची राहिलीत.

तेवढ्यात वकीलबाई कोटाच्या ट्रायलला आल्या. त्यांच्या एका बाहीला टाचण्या लावून झाल्यावर मला राहवेना. म्हटलं, तुम्ही जरा हात वर धरून उभ्या राहा, मी एक गंमत दाखवते. हेलिकॉप्टर कापायच्या टेबलाला नाड्यांनी करकचून बांधलं, तारा जोडल्या आणि लांबून रिमोट दाबला. दादा, ते वर गेलं नाही. खालीही गेलं नाही. एक पातं म्हणे वर चल, दुसरं म्हणे खाली बस, आणि दोघांच्या भांडणात सगळं टेबल थयथयाट करायला लागलं. कात्री पडली, खडू पडले, रिळं सैरावैरा पळाली. वकीलबाई हात वर केलेल्या अवस्थेतच स्टुलावर चढल्या आणि कोर्टात कधी काढला नसेल असा आवाज काढला. मी रिमोट बंद केला. हे पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

वकीलबाईंना घाम फुटला होता, म्हणून पंखा लावायला गेले आणि वर बघून बटणावरचा हात तसाच राहिला. पंख्याची तिन्ही पाती फिरण्याच्या एकाच दिशेला कललेली, आणि माझ्या जोडीत फिरताना एकाची उचललेली कड पुढे तर दुसऱ्याची मागे! पंख्याच्या पात्यांत डावं-उजवं नव्हतंच. एक पातं फिरत फिरत दुसऱ्याच्या जागी येतं, तेव्हा ते अगदी त्याच्यासारखं दिसायला हवं. हे त्या पुस्तिकेने लिहायला नको होतं का? ‘सारखी’ म्हणे! भाषा वापरायची तर नीट वापरावी. चूक माझी नाही, हे मी वकीलबाईंकडूनही कबूल करून घेतलंय. (टाचण्या अजून माझ्याच हातात होत्या.)

मग ते दुसरं पातं उलटवलं, कोन पुन्हा लावले, दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात की नाही ते पाहिलं, आणि मागच्या मोकळ्या जागेत नेऊन उडवलं. उडालं! वर गेलं, थांबलं, खाली उतरलं. मी ओरडले, वकीलबाईंनी टाळ्या वाजवल्या. आता सांग, काचेच्या कपाटात कोण बसणार? हे हेलिकॉप्टर तर नाही बसणार. वहिनीला नमस्कार, आणि तिला सांग, भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची आधी फिरवून ठेव.

तुझी धाकटी,
जिला तू अजून टाचणी म्हणतोस

ता. क. वर गेलं म्हणजे घोट्याइतकं. आणि उतरलं म्हणजे पडलं. खालचा एक पाय मोडलाय, येताना नवीन आण. हो, ‘येताना’ असंच लिहिलंय.

ता. ता. क. खरं ते सांगते. मला नाही उडवायचं हे. मी रिमोटचं सगळं माप सैल केलंय. दांडीच्या मधल्या भागात, जिथे ते हवेत स्थिर राहतं, तिथे कोन इतका हळू बदलतो की बोट थरथरलं तरी त्याला पत्ता लागू नये. माणसाचं अंग बदललं तर आम्ही कपड्याचं माप बदलतो, दादा. माणसाला कपाटात ठेवत नाही. पण हे माप मी अंदाजाने घेतलंय, आणि गिऱ्हाइकाच्या ट्रायलशिवाय माझ्या दुकानातून काही बाहेर जात नाही. रविवारी ये. आणि नेहमीसारखा तो हात खिशात लपवून येऊ नकोस. मला त्याचंच माप घ्यायचंय.