न चमकलेली स्लाइड

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचं ओरडणं आठवावं लागतं. ते मात्र लगेच आठवतं. कॉलेजच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत डिपार्टमेंटचा एकुलता एक फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप होता. पहिल्यांदाच डोळा लावला आणि मी म्हणाले, "बाई, सगळं चमकतंय." तुम्ही म्हणालात, "चमकतंय ते मलाही दिसतं. कुठे चमकतंय ते सांग. सांगता येत नसेल तर ऊठ, मागे रांग आहे." मी उठले नाही. पेशीच्या कडेला, म्हणाले. "मग तसं बोल की," म्हणून तुम्ही पुढच्या मुलीला बोलावलंत. तेव्हापासून मी मोघम बोलत नाही. घरचे याला खडूसपणा म्हणतात.

आता मी चाकणला अँटीबॉडी बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. पेशीच्या न्यूक्लियसमध्ये, म्हणजे केंद्रकात, इस्ट्रोजेन हॉर्मोनला धरून ठेवणारे रिसेप्टर असतात, आमची अँटीबॉडी नेमकी त्यांनाच जाऊन चिकटते आणि तिला जोडलेला रंग निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. प्रत्येक बॅच तपासून सोडायचं काम माझं. ज्याने स्लाइड रंगवली त्याने ती वाचायची नाही, आणि वाचणाऱ्याला नाव दिसू नये म्हणून वर पट्टी चिकटवायची, हा नियम मीच घातला. ज्याला उत्तर हवं असतं, त्याला ते दिसतंच.

गेल्या महिन्यात माझ्या डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. तुकडा काढला, कॅन्सर निघाला. रिसेप्टर आहेत की नाहीत, याचा रिपोर्ट सोमवारी मिळणार. असले तर गोळ्यांनी गाठीला पुष्कळ आवर घालता येतो. नसले तर तो रस्ता बंद. पुनावळ्याच्या घरी नवरा म्हणतो, "दोन दिवस थांबलीस तर काय बिघडेल? तिथेही तुझ्यासारखीच माणसं बसलीत." बरोबर आहे. पण मी भात टाकते आणि शिटी झाली की दचकते. हॉस्पिटलमधून सही करून गाठीच्या न रंगवलेल्या स्लाइड मागून घेतल्या आणि आज शनिवारी कंपनीत घेऊन गेले. साहेबांना विचारलं होतं. कुणाच्या आहेत ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तीन स्लाइड रंगवल्या. एक रिसेप्टर आहेत याची खात्री असलेल्या जुन्या तुकड्याची. एक माझी, तुलनेसाठी कोरी, अँटीबॉडी न घालता. एक माझी, अँटीबॉडी घालून. नावांवर पट्ट्या चिकटवल्या. वाचायला माझी सहकारीण बसली. लातूरकडची, तिशीतली, कुरुळीला राहते, तोंडाचा पट्टा सतत चालू.

"मॅडम, शनिवारी पण? बस निघायलीय माझी."

"बस गेली तर रिक्षाचे पैसे मी देते. वाच."

मी तिच्या मागे उभी आहे. तिची वेणी दिसते, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली ओढणी दिसते.

"ही झक्कास. न्यूक्लियसमध्येच चमकायलीय, बाकी सगळं काळं. ही दुसरी कोरी असणार, हिच्यात काही नाही." मग ती तिसरी लावून फोकस पुन्हा पुन्हा फिरवते. "तिसरीत पण काही नाही, मॅडम. कडेच्या धाग्यांना जराशी हिरवट झाक आहे, पण ती अशीच असते की. न्यूक्लियस सगळे काळे. निगेटिव्ह लिहू?"

"लिही."

"कुणाची आहे?"

"ओळखीच्या एका बाईंची."

"अरेरे," ती म्हणाली, आणि ओढणी उचलत म्हणाली, "सोमवारी धपाटे आणते, तुम्ही फक्त दही आणा. मागच्या वेळी माझंच दही सगळ्यात आधी तुम्ही संपवलं." मी हो म्हटलं.

ती गेल्यावर मी खुर्चीत बसले. हॉस्पिटलची पद्धत वेगळी, तिथे तपकिरी रंग वापरतात, आणि धरायचा तो त्यांचाच रिपोर्ट. मला कुणी हे सांगितलं असतं तर मीही मान डोलावली असती. पण ती जुनी, खात्रीची स्लाइड स्वच्छ चमकली आहे, म्हणजे रंगवण्यात चूक नाही. तीही काळी राहिली असती तर आजचं सगळं काम बाद धरून कचऱ्यात टाकता आलं असतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, वेळच मिळाला नाही. तो म्हणाला, बरं झालं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुम्हाला खरं ते सांगते. माझ्या कामात कुणी चूक काढलेली मी आजवर खपवून घेतली नाही. आज चाकणहून येताना, बसच्या खिडकीशी बसून, मी सारखं एवढंच म्हणत होते की माझ्या हातून काहीतरी बिघडलेलं असू दे.