माझा मीटर चाळीस म्हणतो

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
शर्यतीत नाव दिलं. हौशी सायकलवाल्यांची शर्यत, चाळीस किलोमीटर, वेळ अडीच तास. बरोबर चार आठवड्यांनी, रविवारी. फॉर्मवर 'अनुभव' असा रकाना होता, तिथे एकवीस वर्षं लिहिलं. खोटं काय त्यात? एकवीस वर्षं लोकांचे शिवलेले कपडे सायकलवरूनच पोचवतेय. फॉर्म घेणारीने माझं वय वाचलं आणि म्हणाली, चालण्याची स्पर्धा पलीकडच्या टेबलावर आहे हं. म्हटलं, बाई, तुझी बाही काखेत उसवलीय, तेवढी आधी बघ.

दुपार
मुलाचा फोन. दर रविवारचं तेच. आई, एकटी किती दिवस राहणार, इथे खोली रिकामी आहे, कायमची ये. तीन वर्षं टाळतेय. आज तोंडातून निघून गेलं, शर्यत पूर्ण केली तर हा विषय बंद. नाही झाली तर दुकानाला कुलूप लावून मशीनसकट तुझ्याकडे येते, कायमची. सून मागून म्हणाली, लिहून द्या. दिलं. फोनवर, दोघांनाही.
म्हणजे माझं घर, माझं दुकान, सकाळी दार उघडं टाकून बेसूर गायची मोकळीक, सगळं आता सायकलवर बसलंय. असू दे. पाय दणकट आहेत.
ठराव : उद्यापासून पहाटे पाच.

१६ फेब्रुवारी
पाचला उठले. थंडी होती. थंडीत स्नायू आखडतात असं वाचलंय कुठेतरी. स्नायूंच्या भल्यासाठी साडेसातपर्यंत झोपले.

१८ फेब्रुवारी
बेकरीपर्यंत आणि परत. अंतर बरंच असावं, कारण दम लागला. पंक्चरवाला म्हणाला, काकू, मीटर बसवा. बसवून घेतला. पुढच्या चाकाच्या तारेवर एवढंसं लोहचुंबक, शेजारच्या दांड्यावर डबी. चुंबक डबीसमोरून गेलं की चाकाची एक फेरी मोजली जाते, त्यावरून अंतर आणि वेग. म्हणाला, मीटर खोटं बोलत नाही. म्हटलं, मग आमचं दोघांचं जमायचं नाही.
हे असते तर रोज हवा भरून दिली असती. आणि वर्षभर ऐकवलं असतं.

२० फेब्रुवारी
मीटर म्हणतो, ताशी अकरा. मीटर बिघडलेला आहे.

२१ फेब्रुवारी
दुरुस्त केला, घरच्या घरी. एवढ्या मोठ्या चाकाला एवढंसं चुंबक पुरत नसणार, एवढं तर शिवणारीला कळतं. सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं माझं चुंबक समोरच्या तारेवर दोऱ्याने करकचून बांधलं. लगेच ताशी बावीस. पंक्चरवाल्याला सांगितलं नाही. उगाच त्याला वाईट वाटायचं.

२६ फेब्रुवारी
बावीस. तेवीस. उतारावर एकदा एक्केचाळीस. डोळ्यांतून पाणी आलं, वाऱ्याने.
वाटेत डेंटिस्टबाई भेटल्या. त्याही शर्यतीत आहेत. सायकल इतकी हलकी की दोन बोटांवर उचलतात, बूट पॅडलला अडकवतात, चष्मा माशीसारखा. विचारलं, ताशी किती पडतं? म्हणाल्या, वारा नसला तर चोवीस-पंचवीस. मी माझा आकडा सांगितला. त्यांनी माझ्या सायकलकडे बघितलं, मग पुढच्या टोपलीकडे, मग माझ्या चपलांकडे. जन्मभर लोकांना 'आ' करायला लावणाऱ्या बाईचं तोंड मी मिटवलं.

४ मार्च
ताशी बावीस म्हणजे चाळीस किलोमीटरला दोन तासही लागत नाहीत. अर्ध्या तासाच्या वर वेळ उरतो. सराव कमी करायला हवा, शरीर फार तयार झालं तरी बिघडतं. आज विश्रांती. कालही होती.

९ मार्च
बक्षीस घेताना बोलायचं ते पाठ केलं. मुलाचं नाव शेवटी घ्यायचं, तोवर ताटकळू दे.
शर्यतीची चड्डी आणली. बुडाशी गादी असते. शिवण इतकी वाईट की बघवेना. उसवली, गादी दुप्पट केली, पुन्हा शिवली. आता बदकासारखी चालते. पण शर्यत चालायची नाहीच.

१४ मार्च
सुनेचा फोन. म्हणाली, आई, तुम्ही पूर्ण करणार, आम्हाला दोघांनाही खात्री आहे. अगदी मनापासून म्हणाली. मला वाटलं होतं, टोमणा मारेल. उत्तर तयार होतं, वाया गेलं.

१५ मार्च, सकाळी साडेपाच
तीनदा उठून चाकं दाबून बघितली. झाडांना कोवळी पालवी आलीय, हवेत गारवा आहे, रात्रभर डोळा लागला नाही. आनंदाने असणार.

१५ मार्च, संध्याकाळ
नीट लिहायला हवं.
वयस्कर बायकांना पहिल्या ओळीत उभं केलं. माइकवर कुणीतरी झेंड्याचं काहीतरी समजावत होता. मी चड्डी सावरत होते. सुटलो. पुढे फक्त झेंडा लावलेली मोटार, तिच्यामागे मी. दोन किलोमीटर कुणाची टाप नाही मला ओलांडायची. तीनशे सायकली माझ्या मागे. एका न्हाव्याला हात केला, त्याने वस्तरा उंचावला. मग मोटारीतल्या माणसाने झेंडा हलवला आणि मिनिटभरात रस्त्यावर मी एकटी. झेंडा हलेपर्यंत पुढे जायची सगळ्यांनाच मनाई असते म्हणे. असो. आघाडी ती आघाडीच.
डेंटिस्टबाई जाताना म्हणाल्या, माझ्या मागे चिकटून या, वारा लागणार नाही. म्हटलं, तुम्हीच या माझ्या मागे. आल्या नाहीत.
थोड्या वेळाने मागे एक व्हॅन लागली. पुढेच जाईना. मी थांबले की थांबायची, निघाले की निघायची. माझ्यासाठी खास गाडी. मान आणखी ताठ केली.
मीटरवर चाळीस झाले. घड्याळात एक तास पन्नास मिनिटं. ब्रेक दाबला, दोन्ही हात वर. समोर खताचं गोदाम, त्याला कुलूप. दारात एक गाय. फीत नाही, टाळ्या नाहीत. व्हॅनवाला उतरला. विचारलं, बाकीची मंडळी कुठेत? म्हणाला, वीस किलोमीटर पुढे. मी मीटर दाखवला. त्याने चाक उचलून हळूच एकदा फिरवलं, मग दोऱ्याने बांधलेल्या चुंबकाकडे बघत राहिला. म्हणाला, मावशी, चाक एकदा फिरतंय, हा दोनदा मोजतोय. कुणी बांधलं हे? म्हटलं, आधीच्या मालकाने.
मग त्याने सांगितलं की वेळेत पोचणार नाहीत त्यांना उचलायलाच ही व्हॅन असते. बसा आता. गाडीत पाणी आहे, पंखा आहे.
मी बसले नाही. चाळीस मिनिटं होती. डोळ्यांपुढे माझी खिडकी दिसायला लागली, दुकानाची फळी, दोरीवरचे कपडे. कधी मारले नव्हते असे पाय मारले. डेंटिस्टबाईंची पाठ आता हवी होती, वारा नुसता तोंडावर. व्हॅनवाला खिडकीतून ओरडत होता, मावशी, मारा, मारा. तो स्वतःची नोकरी विसरला होता.
अडीच तास झाले तेव्हा तीस किलोमीटरचा दगड होता. त्याने हळूच हॉर्न दिला. पाठीवरचा नंबर काढून घेतला, तसा नियमच आहे. चार सेफ्टी पिना मी मागून घेतल्या. म्हणाला, तीस म्हणजे कमी नाही, मावशी. म्हटलं, साठ. मीटर बघ.
व्हॅनमध्ये मी एकटीच.

१६ मार्च
मुलाचे सात फोन. घेतले नाहीत. हरल्याचं असं फोनवर सांगायचं नसतं, सामान घेऊनच सांगायचं. 'शनिवारी येते' एवढंच पाठवलं. त्याचं उत्तर : विजयी मिरवणूक वाटतं, ये ये.

२० मार्च
सगळ्यांचे कपडे पोचते केले. दुकानाला कुलूप. पंक्चरवाला म्हणाला, काकू, आठ दिवसांत याल. म्हटलं, शब्द दिलाय. सकाळी गायले नाही. घसा बसलाय.

२१ मार्च, दुपार, मुलाकडे
मशीन बसच्या टपावरून आणली. पाचवा मजला. दार विहीणबाईंनी उघडलं, गाऊनमध्ये. माझ्या खोलीतून आल्या. त्यांचा चष्मा, त्यांच्या गोळ्या, त्यांची पांघरुणं. जानेवारीपासून आहेत.
मुलाने मशीनकडे बघितलं. म्हटलं, हरले. म्हणाला, काय सांगतेस, आई, तू आणि हरशील?
सुनेने चहा केला. सगळ्यात चांगल्या कपात दिला.
मुलाला बाल्कनीत नेऊन विचारलं, मग दर रविवारी खोली रिकामी कशी असायची रे? बराच वेळ कुंडीतली वाळकी पानं खुडत होता. म्हणाला, तू येणार नाहीस हे माहीत होतं गं. म्हणून तर विचारायचो.
मशीन पॅसेजमध्ये आहे. सगळे तिरके होऊन जातात. विहीणबाई दोनदा अडखळल्या.
दिलेला शब्द त्याने मागे घेऊ दिला. मागावं लागलं नाही. घर माझं, दुकान माझं. जिंकल्यासारखं वाटायला हवं.
उद्या सकाळी पहिली बस आहे. तिकीट काढायला मुलगा आत्ताच गेला. लिफ्टसाठीसुद्धा थांबला नाही, पाच मजले धावत उतरला.