गारांच्या पाहणीची यादी

बाबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता माझेच केस पिकलेत, तरी दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीच्या चैत्रातली ती गारपीट मनातून जात नाही. तुम्ही शाळेचे मास्तर, म्हणून गावाने घरांची पाहणी तुमच्यावर सोपवली. मोडलेल्या घरांना रानातलं सरकारी लाकूड मिळणार होतं, यादी मुरबाडच्या कचेरीत जायची होती. मी अठरा वर्षांची, अक्षर वळणदार, म्हणून वही माझ्या हातात. तुम्ही प्रत्येक घराला बाहेरून फेरी घालायचात, पडलेलं कौल छत्रीच्या टोकाने उलटवायचात. नवी फूट आतून लाल असते, जुनी काळवंडलेली, हे मला तेव्हाच कळलं. आपलं एकही कौल फुटलं नव्हतं. जमीनदाराच्या गोठ्याची फूट जुनी निघाली आणि तुम्ही ते त्याच्या तोंडावर सांगितलंत. मला केवढा अभिमान वाटला होता.

गावाबाहेरच्या वस्तीत शेवटची झोपडी त्या बाईची, जिने आई गेल्यावर मला दोन वर्षं सांभाळलं. गारांनी कुडाचं लिंपण सोलून काढलं होतं, वासे मोडले होते, छपराचं गवत शेतात जाऊन पडलं होतं. तिने तुम्हाला एवढंच विचारलं, नाव लागेल ना. "तुझं पहिलं लिहितो," तुम्ही म्हणालात, आणि मी ते सर्वांत वर लिहिलं.

महिन्याभराने सागाचे नवे वासे भरलेली बैलगाडी आपल्या दारात थांबली. जमीनदाराच्या गोठ्यावरही तसेच वासे चढले. वस्तीत एक काठी गेली नाही. मी तुमची पेटी उघडली. आत कचेरीत गेलेल्या दुसऱ्याच यादीची तुमच्या हातची नक्कल होती. तिच्यात आपलं घर होतं, जमीनदाराचा गोठा होता, आणि सगळ्या वस्तीपुढे लिहिलेलं, मोडतोड जुनी. मी विचारलं तेव्हा तुम्ही जेवत होतात. "शाळेची जागा जमीनदाराची आहे," मान वर न करता म्हणालात, "शाळा राहायला हवी ना?" मी म्हटलं, "मग आपल्या ओटीचे वासे कशाचे?" तुम्ही ताट सरकवून उठलात. त्यानंतर तुम्ही होतात तोवर आपण कामापुरतंच बोललो.

पावसाआधी ती बाई वस्ती सोडून कसाऱ्याला खडी फोडायच्या कामावर निघाली. जाताना मला भेटायला आली. तिला तुमचा जराही राग नव्हता. "मास्तरांनी लिवलं व्हतं, साहेबानं खोडलं असंल," ती म्हणाली. "मास्तर असं नाय करायचे. नाय गो?"

"नाही करायचे," मी म्हटलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिते आहे. त्या दिवशी मी तुमची अब्रू राखली असं आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही, बाबा. खरं कळलं तर तिची माझ्यावरची माया कमी होईल, एवढीच मला भीती होती.