रिमोट नंबर एक

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. तांत्रिक कामाची नोंद हवीच. पंख्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं गुणवत्ता तपासणीत काढली, नोंदीशिवाय एक स्क्रू पुढे जाऊ दिला नाही. चार महिन्यांपूर्वी स्वेच्छेने निवृत्त झालो. स्वेच्छा कारखान्याची.

प्रश्न: एक डिसेंबरपासून ही नव्या रुग्णालयात मेट्रन म्हणून रुजू होणार. सकाळी आठला हजर. रुग्णालय शहराबाहेर, दोन बस बदलून जावं लागतं. म्हटलं, मी रोज सोडीन, रोज आणीन, मला दुसरं काम काय. ही म्हणाली, कशाला तुम्हाला त्रास, मला लायसन्स मिळालंय, मी गाडी घेऊन जाईन.

लायसन्स मिळालंय हे खरं. तिसऱ्या खेपेला.

उत्तर: गाडी तिच्या हाती द्यायला माझी अजिबात हरकत नाही. पण तिथे गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहणार. चोराचिलटांचं काय? आधी रिमोटचा अलार्म बसवणार, मग किल्ली देणार. हातात सोळा दिवस. काम दोन दिवसांचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अलार्म आणला. खोक्यात काळी डबी, सायरन, दोन रिमोट, लुकलुकणारा लाल दिवा, एक छुपं बटण, रंगीत वायरींचा जुडगा आणि एकाच बाजूला छापलेलं चाळीस पानांचं माहितीपुस्तक. कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्याने हातातलं खोकं पाहिलं. म्हणाला, गाडी ठेवून जा साहेब, अर्ध्या तासात बसवतो, दोन्ही रिमोट जोडून देतो. मी नुसता हसलो. आपला हात जगन्नाथ.

संध्याकाळी कपाटातून शिक्का काढला. "तपासले". निरोपाच्या दिवशी कारखान्याने घड्याळ दिलं होतं, शिक्का मी आपणहून आणला. माहितीपुस्तकाच्या चाळीसही पानांवर मारला. वाचन उद्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
स. ७. स्टिअरिंगखाली उताणा. डोकं ब्रेकपाशी, पाय दाराबाहेर. स्क्रू ठेवायला कागद नव्हता, माहितीपुस्तकातलंच एक पान फाडून घेतलं. खालच्या मजल्यावरचे काका पाय कुणाचे ते बघायला आले. शुद्धीवर आहात ना, असं विचारून गेले.

दु. १२. हॉर्न बंद. ब्रेक दाबला की वायपर फिरतो. म्हणजे वीजप्रवाह उत्तम आहे.

सायं. ५. हॉर्न परत आला. वायपर सुधारला. एक तपकिरी वायर उरली. जादा असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज रिमोटची नोंदणी. पद्धत पान १३ वर: किल्ली फिरवायची, दहा सेकंदांत छुपं बटण तीनदा दाबायचं, सायरन एकदा टुक करतो, मग रिमोटचं बटण दाबायचं. गाडीने टुक टुक केलं की ओळख पटली.

छुपं बटण मी इतकं छान लपवलंय की दहा सेकंदांत सापडत नाही.

त्रेचाळिसाव्या प्रयत्नाला टुक टुक. खोटं कशाला लिहू, अंगावर काटा आला. चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं म्हणणं मान्य केलं.

हा रिमोट नंबर १, माझा. नंबर २ हिचा, तो सवडीने. घाईत काम बिघडतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
धक्क्याची चाचणी. चोर झालो आणि स्वतःच्या गाडीला चपलेने मारलं. गाडी गप्प. जोरात मारलं. गप्प. संवेदनेचा स्क्रू पूर्ण फिरवला. आता छतावर कबूतर बसलं तरी सायरन. सहा प्रकारचे सूर आहेत, सगळे खणखणीत. अकरा मिनिटं वाजला, पण एकाही खिडकीतून कुणी डोकावलं नाही. शेजाऱ्यांचा माझ्यावर किती विश्वास आहे हे यावरून कळतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळपासून नऊ वेळा वाजला. कारणं: कबूतर, कबूतर, दुधाचा टेम्पो, खालच्या काकांची शिंक, बाकी अज्ञात. शिंकेबद्दल काका स्वतः वर येऊन दिलगिरी व्यक्त करून गेले. त्यांचा सूर मला टोमण्याचा वाटला.

हिने विचारलं, माझा रिमोट कधी? म्हटलं, रविवारी. तिने विचारलं, पुस्तक नीट वाचलंत ना सगळं? म्हटलं, प्रत्येक पानावर माझा शिक्का आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
रिमोट नंबर २ नोंदवला. नवव्या प्रयत्नातच. हिने बटण दाबलं, गाडी टुक टुक बोलली, दार उघडलं आणि ही चक्क हसली. मग गाडीत बसून तिने इमारतीला दोन फेऱ्या मारल्या. मी खांबापाशी उभा होतो, कारण रिव्हर्स घेताना ती खांबाला घासणार हे ठरलेलं. नाही घासली. खांब जरा लांबच आहे म्हणा.

नंतर सहज माझा रिमोट दाबला. गाडी ढिम्म. सेल बदलला. ढिम्म. परत नोंदवला. चालला. आता हिचा बंद. हिचा नोंदवला, माझा बंद. संध्याकाळपर्यंत चौदा वेळा हाच खेळ.

निष्कर्ष: कारखान्यातच दोष. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

काम थांबवलं तेव्हा नंबर १ चालू होता. तो मुख्य रिमोट समजण्यात यावा.

२४ नोव्हेंबर, सोमवार
घरात कुणी नाही. कामही नाही. म्हणून लिहितो.

सव्वीस वर्षं मी नाही म्हटलं की पंखा पुढे जात नसे. आता दिवसातून दोनदा एकच वाक्य माझ्या वाट्याला येतं: अहो, सोडता का जरा? हिला सध्याच्या रुग्णालयात सोडतो, मुलगी आली की तिला स्टेशनवर, आणि परतीला भाजी घेऊन येतो. गाडी काढताना मी कपाळाला आठ्या घालतो. पण हाक येण्याआधी पायात बूट घालून बसलेला असतो, हे कुणाला माहीत नाही. ही स्वतःच गाडी घेऊन गेली, तर मला हाक कशासाठी मारेल? भीती वाटते.

वरील मजकूर कामाशी संबंधित नाही. रद्द.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
अलार्म कंपनीला फोन. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एका मुलीने शांतपणे सांगितलं की पान १४ बघा. बघितलं. पान १३, मग एकदम १५, आणि १४ चा पत्ताच नाही. म्हणजे छपाईपासूनच घोळ! आमच्या वेळी असा माल दाराबाहेर गेला नसता. मुद्देसूद तक्रार लिहिली. तीन पानं झाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार
ही म्हणाली, वायरिंगवाल्याला बोलवू या का. म्हटलं, अजून पूर्ण दोन दिवस आहेत. शिवाय माझा रिमोट चालतोय. पहिल्या दिवशी मी सोडतो, दुसऱ्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी बघू.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, अहो, मी गाडी न्यावी असं तुम्हाला वाटतं की नाही?

मी म्हटलं, धक्क्याचा स्क्रू अजून मनासारखा बसत नाहीये.

३० नोव्हेंबर, रविवार
उद्या पहिला दिवस, चूक होऊन चालणार नाही. म्हणून दिवसभर चाचण्या. बंद, चालू, सायरन, बंद, चालू. एकूण चौसष्ट. इंजिन मुद्दाम सुरू केलं नाही, पेट्रोल कशाला जाळायचं. सगळं ठीक. समोरच्या काचेला आतून चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर शिक्का मारला.

१ डिसेंबर, सोमवार
स. ७.०५. बटण दाबलं. अर्धंच टु झालं आणि पुढे काही नाही. चौसष्ट चाचण्यांनी बॅटरी पार बसली. किल्लीने दार उघडलं तर सायरन सुरू. त्याला स्वतःची वेगळी बॅटरी आहे. ती मात्र उत्तम.

स. ७.१५. ही इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात, खांद्याला पर्स, हातात डबा. म्हटलं, दोन मिनिटं.

स. ७.२५. म्हटलं, दोनच मिनिटं.

स. ७.३०. ती बसथांब्याकडे चालू लागली. मी मागे धावलो. हातात रिमोट होता. कशासाठी धावलो ते सांगता येत नाही.

सायं. ७. ही नऊला दहा मिनिटं कमी असताना पोचली. मेट्रन आल्याशिवाय रात्रपाळीच्या नर्सला निघता येत नाही. बारा तास उभी राहिलेली ती पोरगी आणखी पन्नास मिनिटं थांबली. तिचं तान्हं बाळ घरी आहे. हिने हे बूट काढता काढता सांगितलं, न रागावता. भांडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

आज सबब नाही. शोधली. सापडली नाही. माझंच चुकलं.

२ डिसेंबर, मंगळवार
ही आजही बसने गेली. सहा वाजताच निघाली.

बॅटरी काढून चार्जिंगला टाकली, लांबच्या पेट्रोलपंपावर. वायरिंगवाल्याकडेही चार्ज होते, पण तिथे गेलो असतो तर त्याने अलार्मचं विचारलं असतं. तरी दुपारी त्याच्या दुकानापर्यंत तीनदा गेलो. दोनदा तसाच परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो आणि इंडिकेटरचा बल्ब घेऊन आलो. आपल्या गाडीला तो लागत नाही.

संध्याकाळी बॅटरी बसवली. छुपं बटण तीनदा, टुक, रिमोट, टुक टुक. एक चालू, दुसरा बंद. मग दुसरा चालू, पहिला बंद. शेवटी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. हॉर्न वाजला. काका खिडकीत आले आणि बघून आत गेले.

३ डिसेंबर, बुधवार
हिची सुट्टी. मी दूध आणायला गेलो. परत येतो तर माझ्या गाडीत वायरिंगवाला! शेजारच्या सीटवर ही, हातात एक तेलकट पान, मोठ्याने वाचतेय. पान १४. माझ्या स्क्रूंच्या डब्याखाली सापडलं म्हणे.

"सर्व रिमोट एकाच बैठकीत, एकामागोमाग नोंदवावेत. नवीन नोंदणी सुरू करताच आधीचे सर्व रिमोट पुसले जातात."

त्याखाली निळ्या शाईत माझा शिक्का. तपासले.

एकूण चार मिनिटं लागली. टुक टुक. टुक टुक. दोन्ही चालू. वायरिंगवाला हसला असता तर परवडलं असतं, पण हसला नाही. खाली वाकून त्याने विचारलं, आतलं वायरिंग कुणी केलं? ही म्हणाली, ह्यांनी. तो म्हणाला, जोड नेटके आहेत. ती तपकिरी वायर मात्र त्याने मुकाट्याने जोडली. धक्क्याचा स्क्रूही ठीक केला.

जोड नेटके आहेत, असं म्हणाला.

४ डिसेंबर, गुरुवार
स. ७.१०. ही गाडी घेऊन गेली. खांबाला घासली नाही. फाटकापाशी इंडिकेटर दिला, रस्ता रिकामा होता तरी. काल मी बूट पॉलिश करून ठेवले होते. ते तसेच ठेवले.

स. ९. खिडकीतून रिमोट दाबून पाहिला. अर्थातच काही नाही. गाडीच्या जागी तेलाचा डाग आहे, तो इथून स्पष्ट दिसतो.

स. ११, दु. २, दु. ४. पुन्हा दाबला. हेतू: पल्ल्याची चाचणी. ही कधी आली ते कळलंच नाही, मी गिरणीत गेलो होतो.

५ डिसेंबर, शुक्रवार
पल्ल्याची चाचणी पुढे चालू. आज गिरणी नाही. सायंकाळी पाचपासून फाटकाकडच्या दुसऱ्या खिडकीत. पडदा मध्ये येत होता तो बाजूला केला, तर झाड मध्ये आलं. फाटक तरीही दिसत नाही. दर मिनिटाला एकदा बटण.

सायं. ६.०५. टुक! आली.

पुढच्याच क्षणी सायरन. सहाही सूर. यावेळी सगळ्या खिडक्या उघडल्या.

झालं असं: ही गाडी लावून, इंजिन बंद करून, डोळे मिटून आतच बसली होती. माझ्या बटणाने गाडी कुलूपबंद झाली. तिने दचकून दार उघडलं. अलार्मच्या मते चोर. अलार्मने काम चोख केलं, हे नोंदवलं पाहिजे.

ती वर आली. माझ्या हाताकडे बघितलं. मी स्क्रूविषयी बोलायला लागलो होतो. तिने हात पुढे केला, मी रिमोट दिला. म्हणाली, दिवसभरात तेवढी दोनच मिनिटं माझी मला मिळतात हो.

मी म्हटलं, पण तू आलीस हे मला कळणार कसं?

ती म्हणाली, अहो, मी वर येतेच की.

६ डिसेंबर, शनिवार
रिमोट नंबर १ मधला सेल हिने काढला आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात घातला. चपखल बसला. काटा कित्येक महिने बंद होता, तो चालू झाला. तपासले.

रिकामा रिमोट मला परत दिला. सायंकाळी खिडकीत बसून दाबत होतो. बटण अजून छान वाजतं.

६.०५ गाडीचा आवाज. ६.०७ बेल. दार मी उघडलं.